ओरडू नका, जवळ या!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आत्याच्या नातीचे लग्न होते आणि गावाहून सकाळी सातच्या एस. टी. ने निघायचे ठरले होते. आदल्या रात्री मी स्वयंपाकघरातूनच वडिलांना ओरडून सांगितले, "नाना, सकाळी सातची गाडी आहे!" नानांनी मान डोलावली. सकाळी पावणेसातला आम्ही पिशव्या घेऊन दारात उभे, आणि नाना आपले शांतपणे दाढीला साबण लावताहेत! गाडी चुकली, मुहूर्त चुकला आणि वर भांडण झाले ते वेगळेच. "तूच आठ म्हणालास," नाना म्हणाले. मी म्हणालो, "मी स्पष्ट सात म्हणालो होतो, आणि तेही ओरडून."

नाना तेव्हा ८१ वर्षांचे होते. ज्या माणसाने सारा जन्म हायस्कुलात गणित शिकवले, तो सात आणि आठ यांत घोटाळा करतो, म्हणजे आता वय झाले, अशी आम्ही समजूत करून घेतली. पुढच्या काही महिन्यांत ती पक्कीच होत गेली. नाना कट्ट्यावर जाईनासे झाले. चार माणसे हसली की तेही उगाच हसत. एक विचारावे तर उत्तर भलतेच येई. रस्त्यात कोणी नमस्कार केला तरी ते तसेच पुढे जात, आणि मास्तर हल्ली ओळख दाखवत नाहीत, अशी गावात बोलवा झाली. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला हळूच विचारले, "अंगणात ती फेटेवाली माणसं कोण उभी आहेत रे?" अंगणात कोणीही नव्हते.

मग घरात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, डोके फिरले. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे, दाखवून आणा.

मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवतो. तरीही या साऱ्याच्या मुळाशी 'प्रकाश' आणि 'ध्वनी' या दोन पाठांतले साधे नियम आहेत, हे माझ्या ध्यानात यायला जवळजवळ वर्ष गेले. तुमच्या घरी आजोबा-आजी असतील तर तुमचे ते वर्ष वाया जाऊ नये, म्हणून हा लेख.

सात कोठे हरवला?

'सात' आणि 'आठ' हे शब्द सावकाश म्हणून पाहा. दोहोंत 'आ' हा स्वर आहे. फरक आहे तो सुरुवातीच्या 'स' मध्ये आणि शेवटच्या व्यंजनात. आता 'आ' म्हणताना आणि नुसता 'स्‌‌ऽऽ' असा आवाज काढताना गळ्यावर हात ठेवा. 'आ' ला गळा थरथरतो, 'स्‌' ला मुळीच थरथरत नाही. तो केवळ दातांमधून निसटणाऱ्या हवेचा सळसळाट असतो. 'आ' चा बहुतेक जोर सेकंदाला हजार-दीड हजार कंपनांच्या, म्हणजे हर्ट्‌झच्या खाली असतो. 'स' चा सळसळाट मात्र चार हजार हर्ट्‌झच्याही वर असतो आणि त्याची ताकद फार थोडी असते. बोलण्यात दणका असतो तो स्वरांचा. पण शब्द कोणता, हे बहुतेक वेळा कळते ते दुबळ्या व्यंजनांवरून.

आणि म्हातारपणी पहिल्यांदा हरवतात ते नेमके हेच उंच कंपनसंख्येचे आवाज. असे का? कानाच्या पडद्यामागे तीन इवलीशी हाडे आणि त्यांच्या मागे, गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. उलगडली तर साडेतीन सेंटिमीटरच भरेल. तिच्यात द्रव असतो आणि एका पातळ पट्टीवर सुमारे पंधरा हजार रोमपेशी ओळीने बसलेल्या असतात. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून दाखवले की, या पट्टीवर प्रत्येक सुराची जागा ठरलेली आहे. उंच सूर नळीच्या तोंडाशी, खर्जातले सूर शेवटच्या टोकाशी. गुंडाळून ठेवलेली बाजाची पेटीच म्हणा ना! या कामासाठी त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वय वाढते तसे या पेटीचे तोंडाकडचे, म्हणजे उंच सुरांचे, टोक आधी झिजते. कोंबडीच्या कानात मेलेल्या रोमपेशींच्या जागी नव्या उगवतात. माणसाच्या कानात उगवत नाहीत.

म्हणून नानांना मी बोलतो आहे हे ऐकू येत होते, पण मी काय बोलतो ते समजत नव्हते. 'पाठ, काठ, साठ, ताट' हे सारे त्यांच्या कानाला नुसते 'आट, आट' होते. "मला ऐकू येतं रे, पण तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता," ही त्यांची तक्रार. आम्हाला ती बहाणा वाटे. शास्त्रीयदृष्ट्या ती अगदी अचूक होती.

मग ओरडून काय झाले? ओरडताना जोर चढतो तो स्वरांना. 'स' किंवा 'त' कितीही चिडून म्हटला तरी फारसा मोठा होत नाही. उलट मोठ्या 'आ' खाली तो आणखीच दडपतो. शिवाय आणखी एक गंमत आहे. रोमपेशींपैकी बाहेरच्या ओळींतल्या पेशींचे काम हळू आवाज वाढवून देणे हे असते. त्या गेल्या की हळू आवाज नाहीसा होतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. त्यामुळे साध्या आवाजात बोलले तर आजोबा म्हणतात "काय?", आणि जरा ओरडले की म्हणतात "अंगावर कशाला ओरडतोस? बहिरा नाही मी!" दोन्ही वेळा ते खरेच बोलत असतात.

डोळ्यांनी ऐकणे

आता एक प्रयोग करा. मोबाइलवर किंवा दूरदर्शनवर बातम्या लावा. निवेदकाचा चेहरा दिसत असला पाहिजे. डोळे मिटून घ्या आणि आवाज कमी करत करत, शब्द निसटू लागतील इतका खाली आणा. मग डोळे उघडा. निसटलेले बरेच शब्द परत सापडतील! आवाज तेवढाच आहे, पण आता ओठांच्या हालचाली दिसताहेत.

१९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. त्यांनी 'बा' या आवाजावर 'गा' म्हणणाऱ्या तोंडाचे चित्र जोडले. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ऐकू आले 'दा'! डोळे मिटताच पुन्हा 'बा'. ऐकणे हे एकट्या कानाचे काम नाही, हे इतक्या सरळपणे दुसऱ्या कशानेच पटत नाही.

२०२० साली कोरोनाच्या साथीत सर्वांनी तोंडावर मुखपट्ट्या बांधल्या, तेव्हा घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना अचानक जास्तच कमी ऐकू येऊ लागले. ते इतकी वर्षे नकळत ओठ वाचत होते. नानांच्या बाबतीत मुखपट्टीचे काम त्यांच्या डोळ्यांनीच केले. दृष्टी अधू झाली, ओठ दिसेनासे झाले आणि कानाची जी तूट डोळे भरून काढत होते ती उघडी पडली. कान आणि डोळे एकाच वेळी मंदावले की नुकसानीची नुसती बेरीज होत नाही, ती पुष्कळच जास्त होते, ते यामुळे.

वाकडी नजर

साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतले भिंग पिवळट होते. म्हणजे ज्या दिव्याखाली तुम्ही मजेत वाचता, त्याच दिव्याखाली आजोबा तिन्हीसांजेला बसलेले असतात. ही झाली निरोगी डोळ्याची गोष्ट. पुढे भिंगातल्या प्रथिनांचे पुंजके होऊन ते धूसर झाले की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. आपल्या देशात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आजही हेच आहे आणि ते शस्त्रक्रियेने दूर होते, ही त्यातली चीड आणणारी बाब. कोणत्याही थेंबांनी किंवा काढ्याने तो विरघळत नाही. तो 'पिकेपर्यंत' थांबण्याची पद्धतही आता राहिलेली नाही.

जुन्या फोटोंत बशीच्या बुडासारख्या जाड काचांचे चष्मे घातलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. त्या काळी धूसर भिंग काढून टाकत आणि त्याचे काम चष्म्यावर सोपवीत. लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरल्ड रिडली यांच्या पाहण्यात असे आले होते की, महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसून बसले, तरी डोळा त्यांच्यावर चिडत नव्हता. मग त्याच पदार्थाचे भिंग डोळ्यात का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले. अनेक वर्षे समव्यवसायी त्यांच्यावर टीका करत राहिले. आज मात्र मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात असे भिंग बसवणे ही नेहमीची गोष्ट आहे.

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण डाव्या डोळ्यात आणखी एक दुखणे होते. त्यासाठी तुम्ही आत्ताच एक प्रयोग करा. या ओळीतल्या 'प्रयोग' या शब्दावर नजर खिळवा आणि नजर मुळीच न हलवता तीन ओळी खालचा मजकूर वाचण्याचा प्रयत्न करा. अक्षरे आहेत हे कळते, वाचता येत नाहीत. बारीक वाचणे आणि चेहरे ओळखणे हे काम दृष्टिपटलाच्या मधोमध असलेला, मोहरीच्या दाण्याहून फारसा मोठा नसलेला एक ठिपकाच करतो. त्याला पीतबिंदू म्हणतात. काही जणांचा तो म्हातारपणी झिजतो. अशा माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण कडेची नजर शाबूत असल्यामुळे जमिनीवर पडलेला तांब्या तो बरोबर चुकवून जातो! मग घरचे म्हणतात, "तांब्या दिसतो आणि माणूस दिसत नाही? सोंग आहे सगळं." आणि तो मान वाकडी करून कडेच्या नजरेने बघू लागला की म्हणतात, "आता नजरही वाकडी झाली." असे वाक्य माझ्याही तोंडून एकदा गेले आहे. ते परत घेता आले असते तर बरे झाले असते.

काचबिंदूचे याच्या उलट. त्यात कडा आधी जातात, मधला भाग शेवटपर्यंत राहतो. गाडीचे आकडे वाचणारा माणूस उंबऱ्याला अडखळतो. बहुतेकदा तो दुखत नाही आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांची तपासणी केवळ चष्म्याचा नंबर काढण्यासाठी नसते.

फेटेवाली माणसे

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे शार्ल बॉने नावाचे निसर्गशास्त्रज्ञ होऊन गेले. झाडावरच्या मावा किडीची मादी नराशिवाय पिल्ले देते, हे त्यांनी १७४० साली शोधून काढले होते. त्यांचे आजोबा शार्ल लुलँ नव्वदीला आले होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या आजोबांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती अशी चित्रे समोर हलताना दिसत. पण स्मरणशक्ती खणखणीत, बोलणे सुसंगत, आणि ही चित्रे खरी नाहीत हे त्यांचे त्यांनाच ठाऊक! आजोबांना वेडे न ठरवता नातवाने त्यांचे सारे सांगणे नीट ऐकून घेतले आणि १७६० साली आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज या प्रकाराला बॉने यांचेच नाव आहे.

डोळ्यांकडून येणारी चित्रे कमी झाली की मेंदूतला पाहण्याचा भाग रिकामा बसत नाही. तो आपल्याजवळच्या साठ्यातून चित्रे काढू लागतो. ही चित्रे बोलत नाहीत, ती नुसती दिसतात. आमच्या नेत्रतज्ज्ञांनी नानांना पहिला प्रश्न हाच केला, "ती माणसं काही बोलतात का?" नाना म्हणाले, "नाही, नुसती उभी असतात. आणि मी विचारलं तेव्हाच मला शंका होती की ती नसावीत." चित्रे बोलू लागली किंवा ती खरीच आहेत असे वाटू लागले, तर मात्र दुसऱ्या तपासण्या कराव्या लागतात. नानांना तसे काही नव्हते. कितीतरी म्हातारी माणसे लोक वेडे म्हणतील या भीतीने हे कोणालाच सांगत नाहीत. नाना निदान मला तरी विचारून गेले.

स्मृतिभ्रंशाचीही एक बाजू येथे सांगितली पाहिजे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली, स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या पण आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात कमी ऐकू येणे आधीपासून होतेच. उपचार न केलेली अधू दृष्टी त्या वर्षी नव्याने घातली गेली. म्हणजे 'वय झाले' म्हणून सोडून दिलेले कान-डोळे माणसाला खरोखरच त्या वाटेला ढकलू शकतात.

दोहोंना एकच नियम

प्रकाशाच्या पाठात तुम्ही शिकला असाल की, दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले तर प्रकाशाची तीव्रता चौपट होते. आवाजाचेही तसेच. खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्याने हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण दिशा तीच. आमच्या घरात छताच्या मधोमध एक दिवा होता आणि नाना कोपऱ्यात बसून, स्वतःचीच सावली पाडून वाचण्याची धडपड करत. आम्ही तो दिवा काढून जास्त प्रखर लावला. नानांचे डोळे दिपू लागले, कारण धूसर भिंग प्रकाश चहूकडे विखुरते. मग त्यांच्या खांद्यामागे, हातभर अंतरावर एक लहानसा दिवा लावला. तो वर्तमानपत्रावर पडे, डोळ्यांत जात नसे. काम झाले. बोलण्याचेही हेच. दहा फुटांवरून ओरडण्याऐवजी तीन फुटांवर जा, पंखा किंवा दूरदर्शन क्षणभर बंद करा, आणि खिडकीकडे पाठ करून नव्हे तर तोंड करून उभे राहा. उजेड तुमच्या ओठांवर पडला पाहिजे. सावकाश बोला, पण एकेक अक्षर तोडून नको. वाक्य कळले नाही तर तेच तीनदा घोकण्यात अर्थ नाही, शब्द बदला. 'सातची गाडी' च्या ऐवजी 'उजाडताच निघायचंय, सातची गाडी' म्हटले असते तर आम्ही लग्नाला वेळेवर पोचलो असतो.

रंगांच्या फरकाकडेही लक्ष ठेवा. पांढऱ्या बशीत दहीभात आणि स्टीलच्या वाटीत ताक म्हणजे अधू डोळ्याला जवळजवळ काहीच नाही. तोच भात केळीच्या पानावर किंवा गडद रंगाच्या ताटात वाढा. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारा. आमच्याकडे गोळ्यांच्या दोन चंदेरी पाकिटांचा घोटाळा एकदा फार महागात पडला असता. आता सकाळच्या पाकिटाला एक रबरबँड, रात्रीच्याला दोन. ते बोटांना कळते. डोळ्यांना विचारावेच लागत नाही. आणि वस्तूंच्या जागा हलवू नका. कमी दिसणारा माणूस घरात बराचसा आठवणीने चालतो. तुम्ही स्टूल हातभर सरकवले की त्याचा नकाशाच चुकतो.

पाहुण्यांची एक वाईट खोड आहे. म्हाताऱ्या माणसासमोर उभे राहून विचारायचे, "ओळखलंत का मला?" ही परीक्षा कशासाठी? आधी मनगटाला हलका स्पर्श करा म्हणजे लक्ष तुमच्याकडे वळेल, मग आपले नाव सांगा आणि मग बोला. आमची मुले आता असेच करतात, आणि नानांना त्यांच्या शाळेतली गणिते पुन्हा विचारू लागली आहेत.

कानातले यंत्र

कमी ऐकू येऊ लागले की आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो. काडी, पिन, गरम तेल कानात घालू नका. मळ नसेल तर श्रवणचाचणी करतात. कोणत्या कंपनसंख्येचा किती हळू आवाज ऐकू येतो, याचा आलेख काढतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची, १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था हेच काम करते. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ही चाचणी होते. आजची श्रवणयंत्रे सरसकट आवाज वाढवत नाहीत, या आलेखात जेथे खड्डा आहे तेथेच भर घालतात.

तरीही कितीतरी घरांत ही यंत्रे कपाटात पडून असतात. कारण असे की, वर्षानुवर्षे शांततेत राहिलेल्या मेंदूवर एका दिवसात भांड्यांची आदळआपट, चपलांची फटफट, वर्तमानपत्राची सळसळ असे सगळेच येऊन आदळते. त्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी, रोज थोडा वेळ असे चढवत न्यावे लागते. यंत्र शिटी मारू लागले तर ते बहुधा कानात नीट बसलेले नसते किंवा कानात मळ असतो. त्याच्या बटणासारख्या जस्त-हवा विद्युतघटाला चिकटपट्टी असते. ती काढून मिनिटभर थांबायचे, म्हणजे हवा आत शिरून घट जागा होतो. अधू डोळ्यांना आणि थरथरत्या बोटांना हे काम जमत नाही. शाळकरी मुलाला सहज जमते. आमच्याकडे हे खाते सातवीतल्या नातीकडे आहे.

नानांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर आकाश इतके निळे असते हे आपण विसरूनच गेलो होतो, असे ते म्हणाले. घरी आल्यावर छताच्या कोपऱ्यातली कोळिष्टके पाहून आम्हा सर्वांना बोलणी बसली. फेटेवाली माणसे त्यानंतर क्वचित येत आणि आता येत नाहीत. डाव्या डोळ्यात फारशी सुधारणा झाली नाही. ती होणार नाही हे आम्हाला आधीच सांगितलेले होते.

यंत्र बसवले त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नानांनी ते कानातून काढून नातीच्या हातावर ठेवले. "बिघडलंय हे. सारखं किर्र किर्र करतंय." तिने घट बदलला, यंत्र पुसले, पुन्हा बसवले. किर्र किर्र चालूच. तिने दार उघडून त्यांना अंगणात नेले, तेव्हा आवाज आणखी वाढला. रातकिडे होते. त्यांचा आवाज चार-पाच हजार हर्ट्‌झचा असतो. गावातले रातकिडे औषध-फवारणीने संपले, असे नाना गेली आठ-दहा वर्षे आम्हाला सांगत आले होते.